मांजराची दातदुखी : ओळखावी कशी, उपचार कोणता?



आपल्या समा विभागात सोसायटी असो वा बंगला, दाराशी एखादे मांजर असतेच. कित्येक विद्यार्थ्यांच्या घरी ते पाळलेलेही आहे. मांजर लंगडले किंवा उलटी करू लागले की ते आपल्या लगेच लक्षात येते. दात दुखत असले तर मात्र महिनोन् महिने घरात कोणालाच पत्ता लागत नाही. म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

एक सूचना सुरुवातीलाच देतो. माणसाच्या दातदुखीची गोळी किंवा लवंगेचे तेल मांजराला कदापि देऊ नये. त्याचे कारण पुढे दिले आहे.

दुखणे लपते कसे?

मोठ्या मांजराला ३० दात असतात, वर १६ आणि खाली १४. पिल्लाचे २६ दुधाचे दात साधारण सहा महिन्यांचे होईपर्यंत पडून जातात. मांजराच्या दाढा आपल्यासारख्या दळत नाहीत, त्या कात्रीसारख्या कापतात. मऊ अन्न तर मांजर न चावताच गिळते. आपल्याकडे मांजराला बहुधा दूध-भात किंवा दुधात कुस्करलेली पोळी मिळते. ती खायला दात लागतच नाहीत. त्यामुळे ‘खाते आहे ना, मग ठीक आहे’ हा समज चुकीचा ठरतो. त्यात मांजर दुखणे लपविणारा प्राणी आहे. रानात दुबळेपणा दाखविणे जिवावर बेतते, आणि ही सवय घरात राहूनही सुटलेली नाही.

लक्षणे

१. भुकेने भांड्याजवळ येणे, हुंगणे आणि न खाताच परत फिरणे.
२. मान वाकडी करून एकाच बाजूने खाणे, घास तोंडातून पडणे.
३. तोंडाला घाण वास येणे, लाळ गळणे, लाळेत रक्त दिसणे.
४. पंजाने तोंड घासणे, जबडा थरथरणे.
५. अंग चाटून स्वच्छ ठेवणे कमी होणे, केसांच्या गुठळ्या होणे.
६. वजन घटणे, कोपऱ्यात लपून बसणे, गालाला हात लावताच फिसकारणे.

यातील एक-दोन लक्षणे दिसली तरी डॉक्टरांना दाखवावे. चोवीस तास काहीच खाल्ले नसेल तर मुळीच थांबू नये. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून जिवाला धोका होतो.

कारणे

सर्वांत जास्त आढळणारा रोग हिरड्यांचा. दातांवर किटण साचते, हिरड्या लाल होऊन सुजतात आणि हळूहळू दाताचा आधारच जातो. दुसरा रोग दात विरघळण्याचा. आपल्यासारखी कीड मांजराच्या दातांना सहसा लागत नाही, परंतु त्याच्याच शरीरातील पेशी दात आतून खाऊ लागतात. असे का होते, हे शास्त्रज्ञांनाही अजून पूर्ण उलगडलेले नाही. बरेचदा बाहेरून हिरडीजवळ फक्त लाल ठिपका दिसतो, खरे नुकसान एक्स-रेमध्येच कळते. तिसरे कारण म्हणजे संपूर्ण तोंड आतून लाल होऊन सुजणे. त्याशिवाय उंचावरून पडून सुळा तुटला आणि आतली नस उघडी पडली तरी वेदना होतात.

उपचार

मांजराला पूर्ण भूल दिल्याशिवाय दातांचे काम नीट होत नाही. डॉक्टर आधी तपासणी करतात, मग भूल देऊन किटण काढतात, एक्स-रे घेतात आणि खराब दात उपटतात. विरघळणाऱ्या दातात सिमेंट भरून उपयोग होत नाही, तो काढावाच लागतो. तोंड सुजण्याच्या जुनाट रोगात पुष्कळदा सर्व दाढा काढाव्या लागतात आणि बहुतेक मांजरांना त्यामुळे आराम पडतो. पालकांना हे क्रूर वाटेल, परंतु दुखरा दात ठेवण्यापेक्षा तो नसलेला बरा. दात नसलेले मांजर मऊ अन्न आनंदाने खाते. केवळ अँटिबायोटिक देत राहिल्याने थोडे दिवस बरे वाटते, पण मूळ रोग तसाच राहतो.

घरचे औषध का नको?

मांजराचे यकृत काही रसायने आपल्यासारखी निकामी करू शकत नाही. पॅरासिटामॉल त्यातलेच एक. त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, चेहरा सुजतो. एका गोळीनेही मांजर मरू शकते. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन हीदेखील धोक्याची आहेत. लवंगेच्या तेलातील युजेनॉलही मांजराला पचत नाही. चुकून असे काही पोटात गेले तर लक्षणांची वाट न पाहता गोळीचे पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावे.

एकाचे औषध दुसऱ्याचे विष कसे होते, हे आपल्या देशाने पाहिले आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे त्यांचे मृत शरीर खाणारी गिधाडे मूत्रपिंडे बिघडून प्रचंड संख्येने मेली. म्हणूनच २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली.

काळजी आणि मदत

पिल्लू असतानाच बोटाला मऊ कापड गुंडाळून दात पुसण्याची सवय लावावी. मांजरांसाठीचीच टूथपेस्ट वापरावी, आपली नाही. लसी वेळेवर द्याव्यात आणि वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावे. जवळच आणंद येथे १९६४ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. बेवारशी प्राण्यांसाठी गुजरात सरकारची ‘करुणा’ ॲम्ब्युलन्स २०१७ पासून १९६२ या क्रमांकावर नि:शुल्क मिळते.

विद्यार्थ्यांना विशेष ताकीद : मांजराचे तोंड स्वतः उघडून पाहू नये. लाळ गळणे हे रेबीजचेही लक्षण असू शकते. चावले किंवा ओरबाडले तर जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुवावी, घरी लगेच सांगावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घरचे रागावतील म्हणून लपवू नये.

आपल्या संविधानाच्या ५१-क या कलमात प्राणिमात्रांविषयी दयाभाव हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. परीक्षेसाठी आपण ते पाठ करतो. मुक्या प्राण्याचे दुखणे वेळीच ओळखणे आणि त्याच्यावर योग्य उपचार करविणे हे त्याच कर्तव्याचे आचरण होय. तरी आज संध्याकाळी आपल्या मांजराला जेवण दिल्यावर दोन मिनिटे तिथेच बसावे आणि ते कसे खाते, एवढे पाहावे, ही आमची सर्वांना विनंती आहे.