मंडपेश्वराच्या चित्रपटास पैसा कोणीं द्यावा?

दहिसरहून मेट्रोनें अंधेरीकडे निघालें म्हणजे कांदरपाड्यानंतर मंडपेश्वर हें स्थानक लागतें. २ एप्रिल २०२२ रोजीं ही मार्गिका सुरू झाली, आणि ज्यांनीं तें लेणें कधीं पाहिलें नव्हतें त्यांच्याहि तोंडीं त्याचें नांव बसलें. लेणें मूळचें शैव. नटराजाचें शिल्प तेथें आहे. सोळाव्या शतकांत फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं त्याचें चर्च केलें, वरच्या अंगास मठ बांधला, आणि एका भिंतीवरील शिल्पाच्या जागीं मोठा क्रूस कोरला गेला. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत साष्टी व वसई मराठ्यांच्या हातीं आल्या व तेथील उपासना पुनः पालटली. जवळच एक्सरचे वीरगळ आहेत; त्यांपैकीं कांहींवर समुद्रावरील लढाई कोरलेली असून ती कोणती, याविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत.

एवढ्या सामग्रीवर तासाभराचा बोधपट कां निघूं नये? अडचण पैशाची, पण ती वाटते तेथें नाहीं. कॅमेऱ्याचा खर्च त्यांतल्या त्यांत कमी. पोर्तुगीज दप्तर वाचणारा, मोडी लावणारा, मूर्तिशास्त्र जाणणारा, अशा तिघांचे महिने लागतात, आणि तिकिटांच्या विक्रींतून ते महिने कधींच भरून निघत नाहींत. अशा कामास अनुदान लागतें. म्हणजे परत न मागितला जाणारा, पण हिशेब मागितला जाणारा पैसा.

आपल्याकडील सरकारी साहाय्याचा इतिहास लहान नाहीं. स. का. पाटील समितीनें १९५१ सालीं शिफारस केली आणि १९६० त फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन निघालें. परंतु त्याचा पैसा मुख्यत्वें कर्जाऊ होता. १९५५ चा ‘पथेर पांचाली’ बंगाल सरकारच्या पैशानें पुरा झाला, आणि तो खर्च रस्ते-सुधारणेच्या खातीं पडल्याची कथा प्रसिद्ध आहे. नांवांत रस्ता होता, एवढाच काय तो संबंध! महाराष्ट्रानें १९७५ पासून मराठी चित्रपटांस करमणूक-कर परत देण्याची योजना चालविली. पुढें तिचें रूपांतर थेट अनुदानांत होऊन दर्जाप्रमाणें ४० लाख व ३० लाख रुपये असे दर ठरले. त्यांतील मर्म असें कीं, चित्रपट पुरा होऊन परीक्षकांनीं पाहिल्यावर पैसा मिळावयाचा. कथाचित्राचा निर्माता तोंवर उसनवारी करूं शकतो. दप्तरखान्यांत बसलेल्या संशोधकास उसनें कोण देणार?

अमेरिकेंत १९६५ च्या कायद्यानें मानव्यविद्यांसाठीं राष्ट्रीय निधि स्थापन झाला. चित्रपट, दूरदर्शन व नभोवाणी यांस तो संशोधन-लेखनाच्या अवस्थेंतच एक अनुदान देई व निर्मितीस दुसरें. आणि विद्वान सल्लागार आरंभापासून बरोबर असले पाहिजेत, अशी अट घाली. तेथील यादवी युद्धावरील केन बर्न्स यांची १९९० ची प्रसिद्ध मालिका याच साहाय्यानें घडली. मात्र एप्रिल २०२५ त या निधीचीं चालू असलेलीं पुष्कळ अनुदानें एकाएकीं रद्द झालीं, व अर्धीं कामें अधांतरीं राहिलीं. एकाच दात्यावर विसंबण्याचा हा धोका आहे. आपल्याकडे बंगळूरचें इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून कलाविषयक संशोधनास अनुदान देत आलें आहे. परंतु मागणारे अनेक, आणि थैली लहान.

अर्ज बहुधा फसतात ते एकाच जागीं. ‘मंडपेश्वराचीं शिल्पें दाखवावयाचीं आहेत’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘एकाच खडकांतील देवस्थान पुनःपुनः पालटलें, तेव्हां भोंवतालच्या गांवांनीं काय लक्षांत ठेवलें?’ हा प्रश्न आहे. कोणास विचारावें, कोणतीं कागदपत्रें पाहावीं, किती दिवस लागतील, हें सारें त्यांतूनच निघतें.

नभोवाणीस यांतील पुष्कळसें स्वस्तांत साधेल. दहिसर-बोरिवलीच्या गांवठाणांतील ईस्ट इंडियन व इतर वृद्धांची बोली ध्वनिमुद्रित करण्यास एक यंत्र व एक शांत खोली पुरे. तें काम मात्र थांबूं शकत नाहीं. अनुदानाचा निर्णय होईतों बोलणारा राहीलच असें नाहीं. म्हणून अंदाजपत्रकांत पहिली रक्कम चित्रीकरणाची नव्हे, या मुद्रणाची व त्याच्या दोन प्रती निरनिराळ्या ग्रंथालयांत ठेवण्याची मांडावी.