रोलमधला शेवटचा फोटो

आमच्या घरी रोल पूर्ण संपल्याशिवाय धुवायला टाकत नसत. छत्तीस फोटोंच्या रोलची किंमत, धुलाई, प्रत्येक प्रतीचे पैसे असा सगळा हिशेब बाबांच्या डोक्यात पक्का असे. मुळात त्यांचा हात बसला होता तो क्लिक-थ्री कॅमेऱ्यावर. त्यात एका रोलवर बाराच फोटो निघत. त्यामुळे प्रत्येक फोटोत निदान चार माणसे हवीत, असा त्यांचा आग्रह असे. १९९४ च्या मे महिन्यात मावसभावाची मुंज झाली आणि रोलमध्ये एक फोटो उरला. "संपवून टाक तो, म्हणजे उद्या धुवायला देता येईल," असे म्हणून बाबांनी कॅमेरा माझ्या हाती दिला. साधाच कॅमेरा, भिंग बदलायची सोय नसलेला. आम्ही तेव्हा दादरला राहत होतो, चौपाटीपासून सात-आठ मिनिटांच्या अंतरावर. संध्याकाळी मी एकटीच गेले आणि समोर दिसला तसा समुद्र टिपून आले.

चार दिवसांनी पाकीट घरी आले. मुंजीचे फोटो पाहून झाल्यावर बाबांनी तो शेवटचा फोटो हातात घेतला, जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. म्हणाले, "अगं, यात माणूस कुठाय?" खरेच कुणी नव्हते. डावीकडे वरळीचे टोक, उजवीकडे वांद्र्याचे, पुढ्यात ओली वाळू आणि दोन टोकांच्या मधोमध क्षितिजाची एक सरळ रेघ. अल्बममध्ये त्याला जागा मिळाली नाही. निगेटिव्हसोबत तो पाकिटातच राहिला.

तो फोटो आज कुणालाही काढता येणार नाही. २००९ साली वांद्रे-वरळी सागरी सेतू खुला झाला आणि दादरच्या वाळूतून दिसणाऱ्या त्या रेघेवर पूल आला. पुलाबद्दल माझी तक्रार नाही. माहीमच्या वाहतुकीत तासन्‌तास अडकलेल्या माणसाने ती करूही नये. संध्याकाळी त्याच्या तारा उजळतात तेव्हा तो सुंदरच दिसतो. पण त्याआधीचा माझा समुद्र पाहायचा तर माझ्याजवळ तो एकच फोटो आहे आणि तोही रोल संपवायचा म्हणून काढलेला! पंधरा वर्षे मी त्या चौपाटीवर जात होते. वाढदिवस, सहली, बारशी सगळ्यांचे फोटो आमच्याकडे आहेत. रोजचा समुद्र मात्र टिपण्यासारखा कधी वाटलाच नाही. तो कुठे जाणार होता?

निसर्गाची छायाचित्रे काढायची तर लेह-लडाखला जायला हवे, निदान केरळला तरी, आणि गळ्यात तोफेसारखे भिंग हवे, अशी आपली समजूत असते. ज्यांनी या कलेत मोठे नाव मिळवले, त्यांच्यापैकी काहींचा अनुभव मात्र वेगळा आहे. एडवर्ड वेस्टन हा अमेरिकन छायाचित्रकार १९२९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावी राहायला गेला. तिथून जवळच पॉइंट लोबोस नावाचा खडकाळ किनारा आहे. तिथले खडक, समुद्रशेवाळ आणि वाऱ्याने पिळवटलेली झाडे तो पुढे जवळजवळ वीस वर्षे टिपत राहिला. कंपवाताने हात थरथरू लागल्यावर १९४८ मध्ये त्याने शेवटचे छायाचित्र घेतले, तेही याच किनाऱ्यावर. प्रागचा योसेफ सुदेक तर याहून जवळचा. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात असताना त्याने आपल्या स्टुडिओची खिडकीच विषय म्हणून निवडली. काचेवर धरलेले बाष्प, पलीकडचे वाकडे झाड, बर्फ, पाऊस. १९४० पासून १९५४ पर्यंत तो त्या एका खिडकीतून फोटो काढत होता.

जवळच्या जागेचा फायदा हाच की तिथे पुन्हा जाता येते. पर्यटकाला एक संध्याकाळ मिळते आणि त्या दिवशी नेमके आभाळ भरलेले असते. आपल्याला वर्षाच्या तीनशे पासष्ट संध्याकाळी मिळतात. हे मला उशिरा, चाळिशी उलटल्यावर उमगले. तेव्हापासून दर रविवारी मी चौपाटीवर एकाच ठिकाणी उभी राहून एक फोटो घेते.

पहिली गोष्ट लक्षात आली ती सूर्याची. शाळेत उत्तरायण-दक्षिणायन पाठ केले होते, पण पाहिले नव्हते. डिसेंबरात सूर्य डावीकडे, वरळीच्या इमारतींमागे उतरतो. मग तो दर आठवड्याला उजवीकडे सरकू लागतो आणि जूनपर्यंत वांद्र्याच्या बाजूला पोचतो. हात लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरली की ती साधारण दहा अंश झाकते. मुंबईत सूर्य वर्षभरात अशा पाच मुठी सरकतो! एका जागेवरून काढलेले बारा महिन्यांचे बारा फोटो ओळीने लावा, मुलांना भूगोल निराळा शिकवावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. ती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, म्हणून घड्याळ पाहून गेले की फसगत होते. आपल्या किनाऱ्यावर यासाठी एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. हिशेब ठोकळ आहे, पण भिंतीवरच्या पंचांगावरून फोटोची वेळ ठरवायला पुरतो. हिवाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास गेलात तर सूर्य मावळताना पाणी दूर गेलेले असते आणि ओल्या वाळूचा आरसा होऊन सगळे आभाळ पायाशी येते. उन्हाळ्यात सूर्य सातनंतर मावळतो, तेव्हा द्वितीया बरी. अष्टमीच्या संध्याकाळी पाणी थेट वर आलेले असते. तो फोटो निराळा.

आणि सामग्री? खिशातला मोबाइल पुरतो. माझ्याजवळ भाचीने वापरून सोडलेला एक साधा कॅमेराही आहे, त्याच्यासोबत आलेल्या भिंगासकट. काही गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. क्षितिज सरळ धरावे, नाहीतर समुद्र एका बाजूने सांडल्यासारखा दिसतो. मोबाइलवर उजळलेल्या आभाळावर बोट ठेवले की प्रकाश त्या मानाने जुळतो, रंग फिके पडत नाहीत. नुसते पाणी आणि आभाळ घेतले की फोटो पोकळ वाटतो. पुढ्यात एखादा खडक, दोरखंड, उलटी ठेवलेली होडी असली की नजरेला पाय टेकायला जागा मिळते. सूर्य बुडाला की लोक उठून भेळेकडे वळतात. त्यानंतरची वीस मिनिटे खरी मोलाची. आभाळ निळसर जांभळे होते, दिवे लागतात आणि दोन्ही उजेड एकाच वेळी फोटोत मावतात. मात्र उजेड कमी म्हणून कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी राहते आणि हात हलतो. तिपाई नसेल तर मूग भरलेली कापडी पिशवी कठड्यावर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवावा आणि सेल्फ टायमर लावावा. लाटा लोकरीसारख्या मऊ येतात आणि मूग घरी परत येतात.

खारे वारे कॅमेऱ्याचे वैरी. घरी आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने तो बाहेरून पुसावा. भिंगासाठी धुऊन धुऊन मऊ झालेल्या धोतराचा तुकडा फार चांगला, पण आधी फुंकून वाळूचे कण उडवावेत. पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवला की भिंगाला बुरशी धरते. त्याऐवजी घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. उधाणाच्या दिवसांत शेवाळलेल्या खडकांवर तर जाऊच नये. फोटो पुढच्या रविवारीही काढता येतो.

एवढे करून काढलेले फोटो जपायचे कुठे, हा आजचा प्रश्न आहे. पूर्वी फोटो थोडे होते, पण पाकिटात तरी होते. आता हजारो आहेत आणि मोबाइल बिघडला की एकही नाही. मी वर्षाचे बारा निवडून त्यांच्या कागदी प्रती काढून घेते आणि प्रत्येकामागे तारीख आणि जागा लिहिते. घराजवळची टेकडी, तळे, खाडी, माळ यांतले काय कधी बदलेल ते सांगता येत नाही. तिथे इमारत उभी राहिल्यावर आधीचे दृश्य शोधायला आपणच निघतो आणि घरोघरी मुंजींचेच फोटो सापडतात.

बाबा आता नव्वदीकडे झुकले आहेत. जिना उतरणे जमत नाही, त्यामुळे चौपाटी बंद झाली. रविवारी मी घरी आले की ते मोबाइल मागतात आणि "पाणी कुठवर आलंय?" म्हणून विचारतात. गेल्या महिन्यात मी त्यांना १९९४ चा फोटो आणि त्या रविवारचा फोटो शेजारी-शेजारी ठेवून दाखवले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी जुना फोटो उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

"तारीख घातली नाहीस तेव्हा," ते म्हणाले आणि पेन मागितले. हात कापत होता, तरी अक्षर लागते. त्यांनी लिहिले : 'मे १९९४. दादर. पूल नव्हता.'