‘लागला का रे कुठे?’ : भरतीच्या वाटेवरचा थकवा

मुलचेराच्या रस्त्यावर पहाटे पाचला धावणारी पोरं दिसू लागली, की समजायचं, पोलीस भरतीचं ग्राउंड जवळ आलं. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. पाय भरून आले तर आई तेल चोळून देते, ‘आज नको जाऊ’ म्हणते. पण दोन भरत्या थोडक्यात हुकून मन भरून आलं, की तोच पोरगा घरात ‘आळशी’ ठरतो. या थकव्याबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज 1 : थकायला आधी नोकरी तर हवी!

वस्तुस्थिती : जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या केली ती नोकरीच्या ठिकाणी साचत गेलेल्या ताणापुरती, आणि तो आजार नव्हे हेही सांगितलं. त्याच्या खुणा तीन : अंगातलं बळ सरणं, कामावरून मन उडणं, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. व्याख्येत उमेदवार बसत नाही, पण या खुणा त्याच्यातही दिसतात. जाहिरात, अर्ज, ग्राउंड, लेखी, निकाल आणि पुन्हा जाहिरातीची वाट, हे बिनपगारी कामच आहे.

गैरसमज 2 : रिकाम्याला वेळच वेळ. बसावं, अभ्यास करावा.

वस्तुस्थिती : ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास सारं गाव बेकार झालं. तिथल्या अभ्यासाचं पुस्तक 1933 मध्ये निघालं. वेळ भरपूर, वाचनालयाचं शुल्कही माफ. तरी वाचायला नेलेल्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आली. माणसं रस्त्यानेसुद्धा रेंगाळत चालू लागली होती. अभ्यासिकेत तासभर एकच पान उघडं ठेवून बसलेल्या पोराला हे नव्याने सांगायला नको.

तेंदूपत्ता तोडायच्या हंगामात असं होत नाही. 70 पानांचा एक पुडा. दिवसभरात किती झाले, ते पानं जमा करायच्या फळीवर मोजून कळतं. अभ्यासाचेही असे पुडे बांधा. आज गणिताचे 25 प्रश्न, चुकलेले पुन्हा सोडवले, वही बंद. आठवड्यातून एक दिवस पायांना विश्रांती देता, तशी वहीलाही द्या.

गैरसमज 3 : निवड झाली नाही, म्हणजे पोरगं कमी पडलं.

वस्तुस्थिती : 2024 च्या राज्य पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी सुमारे 17 लाख 76 हजार अर्ज आले, म्हणजे साधारण शंभर अर्जांमागे एक जागा. चूक जरूर शोधा : गोळाफेकीत किती गुण गेले, लेखीत कुठला भाग राहिला. ती पुढच्या वेळी सुधारता येते. ‘मी नालायक’ यात सुधारण्यासारखं काहीच सापडत नाही.

गैरसमज 4 : मनातलं उकरून काय मिळणार? त्यापेक्षा चार अर्ज जास्त भर.

वस्तुस्थिती : नोकरी गेलेल्या काही अमेरिकी व्यावसायिकांचा अभ्यास 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाने सलग 5 दिवस रोज 20 मिनिटं नोकरी गेल्याबद्दलचा राग, भीती, दुखावलेपण कागदावर उतरवलं. पुढच्या महिन्यांत या गटातल्या जास्त जणांना काम मिळालं, आणि त्यासाठी त्यांनी इतरांहून जास्त खटपट केली असंही दिसलं नाही. अभ्यास छोटा होता, हमी देत नाही. पण खर्च एका वहीचा आहे.

गैरसमज 5 : मनासाठी डॉक्टर म्हणजे वेड लागलं, आणि त्यासाठी नागपूर गाठावं लागतं.

वस्तुस्थिती : केंद्र सरकारची ‘टेली मानस’ सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. 14416 वर दिवसरात्र, फुकट बोलता येतं. मराठीत, आणि मुलचेरा तालुक्यातल्या अनेक घरांत बोलल्या जाणाऱ्या बंगाली-तेलुगूतही. दोन आठवडे झोप, भूक उडाली, कशातच मन लागेना, तर फोन करा किंवा सरकारी दवाखान्यात सांगा. जीव नकोसा झाल्याचं कुणी बोललं, तर त्याला एकटं सोडू नका; फोन त्याच घटकेला लावा.

राहता राहिले घरचे. ‘लागला का रे कुठे?’ याचं उत्तर पोराच्या हाती नसतं. संध्याकाळी ‘आज किती पुडे झाले?’ एवढंच विचारा. ते त्याला मोजून सांगता येईल.