घर बदलताना आठवणींच्या वस्तूंचे काय करावे?

मुंबईतील बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून आपल्या समाजातील अनेक कुटुंबांपुढे एक प्रश्न उभा राहिला आहे. त्याची चर्चा मात्र कोणत्याही सभेत होत नाही. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणे ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मधली काही वर्षे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत काढावी लागतात आणि त्याआधी पोटमाळा रिकामा करावा लागतो. १९२० च्या दशकात बांधलेल्या या खोल्यांत तीन-चार पिढ्यांनी संसार केले. आजीचे लुगडे, वडिलांची गिरणीत नेण्याची डबा-पिशवी, पत्र्याची ट्रंक, हे सर्व त्या पोटमाळ्यावरच असते.

अशा वेळी घरातील तरुण मंडळी आईला चटकन सांगतात, "सर्व अनित्य आहे, टाकून दे." हा धम्माचा सोयीस्कर उपयोग झाला. वस्तू टाकणे आणि वस्तूची आसक्ती सोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

विनयपिटकातील चुल्लवग्गात या संबंधी एक बोलकी कथा आहे. कोसंबीचा राजा उदेन याच्या राण्यांनी स्थविर आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला ते रुचले नाही. हे श्रमण आता कापडाचे दुकान मांडणार काय, असे त्याला वाटले. त्याने आनंदांना गाठून विचारले, एवढ्या वस्त्रांचे काय करणार? ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्या भिक्खूंना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. जुन्या खोळींची जमिनीवरची आंथरुणे, त्यांची पायपुसणी, त्यांची धूळ झटकण्याची फडकी. आणि फडकीही झिजली की ती कुटून चिखलात कालवून त्याने जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आपल्या आया-बहिणींना हे नवीन नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी त्यांनी हेच केले. म्हणून कपडे, भांडी, ट्रंका यांच्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: ज्याला गरज आहे त्याला द्यावे, आणि वापरण्याजोगे असतानाच द्यावे. आठवण म्हणून एखादी लहान वस्तू ठेवावी. सगळा पोटमाळा नव्या घरात नेऊ नये.

कागदांचा न्याय मात्र वेगळा आहे. वडील गेल्यानंतर आमच्या घरातील कागद मी एका दुपारी रद्दीत घातले. पुढे एक विद्यार्थी आमच्या चाळीच्या वाचनालयाची माहिती विचारीत आला, तेव्हा ध्यानात आले की त्या गठ्ठ्यात वाचनालयाची नोंदवही होती. वर्गणी कोणी दिली, पुस्तके कोणी नेली, हे आता सांगणारे कोणी नाही. भांडे गेले तर दुसरे मिळते. सभेचे हस्तपत्रक, जलशाच्या गाण्यांची वही, मंडळाचा जमाखर्च, 'जनता' किंवा 'प्रबुद्ध भारत'चा अंक गेला, की त्या वस्तीचा पुरावा जातो. नागपूरजवळील चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू आज पाहता येतात, कारण नानकचंद रत्तू यांनी त्या जपल्या व वामनराव गोडबोले यांनी त्यांना जागा दिली. आपल्या वस्तीची आठवण जपायला कोणी बाहेरचा येणार नाही.

तेव्हा आवराआवर एकट्याने करू नये; घरातील वडीलधाऱ्यांना शेजारी बसवावे. जुन्या फोटोतील माणसे ओळखणारे तेच असतात. विद्यार्थ्यांनी नावे विचारून फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूस उमटतो. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पुन्हा निघत नाही. मोबाईलवर दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे व मूळ कागद सुती कापडात गुंडाळून भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावेत. घरात जागाच नसेल तर संस्थेला द्यावेत, मात्र देताना यादी करून तिच्यावर पोच घ्यावी.