जुनाट आम्लपित्त आणि ‘बॅरेटची अन्ननलिका’

जेवणानंतर छातीत जळजळ होणे, आंबट पाणी घशाशी येणे या तक्रारी घरोघरी ऐकू येतात. पित्त झाले म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा घ्यावा आणि कामास लागावे, असा सर्वसाधारण परिपाठ आहे. क्वचित होणाऱ्या त्रासाबद्दल चिंतेचे कारण नसते. तथापि हीच तक्रार वर्षानुवर्षे चालू राहिल्यास काही व्यक्तींच्या अन्ननलिकेचे अस्तरच पालटते. या स्थितीस ‘बॅरेटची अन्ननलिका’ असे म्हणतात.

आम्ल वर का येते?

अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायुमय नळी होय. ती जठरास मिळते तेथे स्नायूंचे एक वलय असते. घास खाली जाताना ते उघडते व एरवी मिटलेले राहते. हे वलय सैल पडल्यास जठरातील तीव्र आम्ल उलट वर चढते. लठ्ठपणा, धूम्रपान, भरपेट जेवून लगेच आडवे होणे यांमुळे त्यात भर पडते. जठरास आम्लापासून वाचविणारे श्लेष्मल आवरण असते. अन्ननलिकेस तसे संरक्षण नसते.

अस्तरातील बदल

अन्ननलिकेचे अस्तर चपट्या पेशींच्या थरांचे असते. आम्लाने ते वारंवार पोळले की बरे होताना काही जणांत त्या जागी आतड्यातल्यासारख्या उभट पेशी येतात. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांनी १९५० साली या स्थितीकडे लक्ष वेधले. हा भाग म्हणजे छातीत ओढले गेलेले जठरच होय, असा त्यांचा समज होता. ती अन्ननलिकाच असल्याचे १९५३ मध्ये ॲलिसन व जॉनस्टोन यांनी दाखवून दिले आणि १९५७ मध्ये बॅरेट यांनीही ते मान्य केले.

येथे एक फसगत संभवते. नव्या पेशी आम्ल अधिक सोसतात. त्यामुळे जळजळ कमी होऊ शकते. रुग्णास बरे वाटते, परंतु अस्तर पूर्ववत झालेले नसते. पुढे काहींच्या पेशींत विकृती वाढत जाऊन कर्करोग उद्भवतो. मात्र हा धोका अवास्तव मोठा मानू नये. पेशींत विकृती नसलेल्या हजार रुग्णांमागे वर्षाकाठी साधारणतः एक ते पाच जणांना असा कर्करोग होतो. भारतात अन्ननलिकेचा जो कर्करोग अधिक आढळतो, तो चपट्या पेशींचा असून तंबाखू व मद्य ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

तपासणी आणि उपचार

पन्नाशी उलटलेले, पोट सुटलेले, धूम्रपान करणारे किंवा कुटुंबात हा विकार असलेले पुरुष यांना दीर्घकाळ आम्लपित्ताचा त्रास असेल, तर त्यांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. घशातून दुर्बीण घालून अन्ननलिका पाहतात व अस्तराचे सूक्ष्म तुकडे काढून तपासतात. केवळ लक्षणांवरून निदान होत नाही.

ओमेप्राझोलसारख्या औषधांनी आम्लनिर्मिती घटते. ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. पेशींत विकृती नसल्यास सामान्यतः तीन ते पाच वर्षांनी पुन्हा तपासणी करतात. विकृती आढळल्यास तो भाग दुर्बिणीद्वारे काढून टाकणे किंवा उष्णतेने नष्ट करणे आता शक्य झाले आहे.

रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास आटोपावे, पलंगाच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवाव्यात, वजन आटोक्यात आणावे आणि तंबाखू सोडावी. हे उपाय बिनखर्चाचे आहेत.

घास अडकणे, गिळताना दुखणे, कारण नसता वजन घटणे, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास होणे, यांपैकी काहीही दिसल्यास सोड्यावर विसंबू नये. त्वरित रुग्णालय गाठावे. छातीतील दुखणे दर वेळी पित्ताचेच असते असेही नाही. ते हृदयविकाराचेही असू शकते. गावात ज्यांच्या शब्दाला मान आहे, अशा शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी एवढी माहिती लोकांपर्यंत पोहोचविली, तरी कित्येकांची तपासणी वेळेवर होऊ शकेल.