जोर गुणिले वेग

बालदोस्तांनो, तुमच्या वर्गात सर्वांत ताकदवान कोण? तुम्ही लगेच एखाद्या धष्टपुष्ट मुलाचं नाव घ्याल, आणि काटकुळ्या मुलाला ‘काडी पैलवान’ म्हणून हसाल. पण थांबा! ताकद नुसती बघून कळत नाही, ती मोजावी लागते. कशी? चला, सायकलवर बसून पाहू.

चढावर काय होतं आठवा. पायडलवर उभं राहून सारा जोर लावला, तरी सायकल मुंगीच्या पावलांनी सरकते. उतारावर पाय भिंगरीसारखे फिरतात, पण पायडलला जोर लागतच नाही. एकीकडे जोर आहे तर वेग नाही, दुसरीकडे वेग आहे तर जोर नाही!

आपल्या स्नायूंचा स्वभावही काहीसा असाच आहे बरं का. स्नायूत असंख्य बारीक तंतू असतात. ते एकमेकांना पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. विहिरीतून पोहरा शेंदताना आपले हात दोरावर चालतात ना, अगदी तसंच. सावकाश ओढलं तर एका वेळी पुष्कळ पकडी बसतात आणि जोर मिळतो. घाई केली की पकड बसायला वेळच मिळत नाही, मग जोर घटतो. इंग्लंडचे शास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून १९३८ साली हे नातं सूत्रात मांडलं.

माणसाच्या पायांची शक्ती मोजायला प्रयोगशाळेत एका जागी उभी असणारी सायकल वापरतात. तिचं नाव अर्गोमीटर. तिच्या जड चाकाभोवती एक पट्टा असतो. तो आवळला की पायडल जड होतं. समजा, पट्ट्याचा विरोध २० न्यूटन आहे, म्हणजे २ किलोची पिशवी धरून ठेवायला लागतो साधारण तेवढा जोर. आणि चाकाची कड सेकंदाला ६ मीटर पळते आहे. आता जोर गुणिले वेग करा: २० × ६ = १२० वॉट. ही झाली शक्ती! छताचा साधा पंखा साधारण ७५ वॉट वीज खातो, म्हणजे तुमचे पाय त्याच्यापेक्षा वरचढ!

पट्टा इतका आवळला की चाकच थांबलं, तर वेग शून्य आणि गुणाकारही शून्य. पट्टा अगदी सैल सोडला, तर जोर जवळजवळ शून्य आणि गुणाकारही तेवढाच. सर्वांत जास्त शक्ती मिळते ती मधे कुठेतरी. चढ आला की गिअर हलका करतात तो याचसाठी. पायांना तो मधला वेग सापडावा लागतो.

घरी अर्गोमीटर नाही? जिना तर आहे! ३ मीटर उंचीचा जिना ३० किलो वजनाचा मुलगा ६ सेकंदांत चढला. एका किलोला साधारण १० न्यूटन, म्हणून त्याचं वजन ३०० न्यूटन. ३०० × ३ ÷ ६ = १५० वॉट. तोच जिना ४५ किलोची मुलगी ९ सेकंदांत चढली. ४५० × ३ ÷ ९ = किती? पुन्हा १५०! आहे की नाही गंमत?

आई-बाबांना घड्याळ घेऊन वर उभं करा. पायऱ्या कोरड्या हव्यात, हात कठड्यावर हवा आणि एका वेळी एकच पायरी. आपापला आकडा काढा, ‘काडी पैलवाना’लाही काढायला सांगा, आणि मग म्हणा कोण ताकदवान ते!