पहिलं वर्ष गेलं कुठं?

शेजारची पोरगी ब्रह्मपुरीच्या शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून चंद्रपूरला इंजिनिअरिंगला लागली. नवंकोरं ओळखपत्र घरी आलं, त्यावर 'द्वितीय वर्ष'. तिची आजी मुक्कामाला होती, मूळची गडचिरोलीकडची. तिनं ते कार्ड उजेडात धरलं. वाचता येत नाही, म्हणून नातीकडूनच वाचून घेतलं आणि म्हणाली, "कालच त गेली न वं कॉलेजात? मंग पहिलं वर्ष गेलं कुठं?"

"तसंच असते, आजी," एवढ्यावर सगळ्यांनी विषय मिटवला. मला मात्र त्या प्रश्नानं झोप लागू दिली नाही. वहीत हिशेब मांडला. दहावीनंतर अकरावी-बारावीची २ वर्षं आणि इंजिनिअरिंगची ४, एकूण ६. हिचा डिप्लोमा ३ वर्षांचा, पुढं इंजिनिअरिंगची ३, तरी ६च. म्हणजे वर्ष गहाळ झालेलं नाही, ते तिनं ब्रह्मपुरीतच खर्ची घातलंय. वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून काटकोनात आणताना आणि ड्रॉईंगच्या शीटवर तीच रेघ तीनदा खोडताना. कॉलेजच्या दारात पाऊल टाकण्याआधीच ती कॉलेजचं शिकून बसली होती.

आयटीआयचा हिशेब तर याहून गमतीचा. २ वर्षांचा ट्रेड केलेल्या पोराला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला बसता येतं आणि तिथून इंजिनिअरिंगच्याही दुसऱ्या वर्षाला. २ अधिक २ अधिक ३, म्हणजे ७. बारावीच्या वाटेपेक्षा एकच वर्ष जास्त, आणि त्या बदल्यात हाताला फिटरचं किंवा वायरमनचं काम. महाराष्ट्रात याला 'डायरेक्ट सेकंड इयर' म्हणतात. नावात काही डौल नाही, म्हणून कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

अमेरिकेत याच गोष्टीला डौलदार नाव आहे, ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत नुसतं 'एपी' म्हणतात आणि मे महिना आला की त्या दोन अक्षरांनी घर शांत होतं. १९५० च्या सुमारास तिथल्या तीन नामांकित शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही विद्यापीठं एकत्र बसली. हुशार मुलं शाळेत शिकलेलंच कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुन्हा शिकतात, हा वेळ वाया जातोय, असं त्यांना दिसलं. १९५५ मध्ये कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं ही योजना हाती घेतली. आज मुलं शाळेतच गणित, जीवशास्त्र, इतिहास असे विषय कॉलेजच्या पातळीवर शिकतात आणि मेमध्ये परीक्षा देतात. गुण फक्त १ ते ५. पुष्कळ कॉलेजांत ३ किंवा त्याहून वर मिळाले की त्या विषयाचं क्रेडिट खात्यात पडतं.

पण त्या गुणांचं मोल बोर्ड ठरवत नाही, ज्या कॉलेजात जायचं ते ठरवतं. एमआयटीसारखी संस्था कॅल्क्युलसच्या वरच्या पेपरात पूर्ण ५ असतील तरच पहिला कॅल्क्युलस माफ करते. तोच ५ काही ठिकाणी दाखवला तर कौतुक होतं, क्रेडिट मिळत नाही.

इथं मला फड आठवतो, तेंदूपत्ता मोजून घेण्याची जागा. मेमध्येच आपल्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडून घरी आणायची, अख्ख्या घरानं बसून ७० पानांचं एकेक पुडकं बांधायचं आणि फडावर रांगेनं मांडायचं. १००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७०,००० पानं. कुणाच्या पायात किती काटे गेले, हे फडमुन्शी मोजत नाही. तो पुडकं उचलतो, उलटंपालटं करतो आणि ठरवतो, हे धरायचं की बाजूला टाकायचं.

क्रेडिट म्हणजे शिकण्याचं पुडकंच. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांच्या शिक्षणाला १ क्रेडिट, वर्षाचे १२०० तास म्हणजे ४०. ही मोजणी शाळेपासूनच सुरू होते. पाचवीची पातळी १, दहावीची ३, बारावीची ४. शाळा, कॉलेज आणि हातचं कौशल्य पहिल्यांदाच एका मापात आली. क्रेडिट साठवायला २०२१ पासून ॲकॅडमिक बँक आहे. नावाला बँक, पण तिजोरीत नुसते तास. तिथं साधारण ७ वर्षं ते टिकतात. आता विचार करा, गोंडवाना विद्यापीठाच्या टापूतली एखादी मुलगी लग्नामुळं किंवा घरच्या अडचणीनं दुसऱ्या वर्षानंतर थांबली, तर तिची दोन वर्षं पाण्यात जात नाहीत. ती परत येऊन तिथून पुढं मोजणी सुरू करू शकते. पूर्वी अर्धवट राहिलेलं शिक्षण म्हणजे शून्य शिक्षण धरलं जायचं. मला सगळ्यात थक्क करतं ते हेच.

वाचलेल्या वर्षाची किंमत मात्र वसूल होते. डायरेक्ट सेकंड इयरच्या कुठल्याही पोराला 'एम-थ्री' म्हणून बघा, चेहरा पडतो. बारावीचं आणि पहिल्या वर्षाचं गणित करून आलेल्या मुलांबरोबर त्याला तिसऱ्या सत्राच्या गणिताला बसावं लागतं. आमच्या शेजारणीच्या खोलीत दिवाळीपर्यंत रात्री एकला दिवा असायचा.

दिवाळीत आजी पुन्हा आली तेव्हा मी तिला हे सगळं पुडक्यांच्या भाषेत सांगितलं. तिला लगेच कळलं. नव्या आराखड्यात कामाच्या अनुभवालाही वजन आहे, आधी कुणीतरी ते काम तपासायचं आणि मग अनुभवापोटी क्रेडिट जास्तीत जास्त दुप्पट होऊ शकतं, हेही सांगितलं. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.

"चाळीस उन्हाळे पत्ता तोडला म्या," ती म्हणाली. "मले कोणत्या वर्षाले घेतीन?"